भर दुपारची सभा

लंडन शहरात थेम्स नदीच्या तीरी एक पुरातन किल्ला आहे. त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेस टॉवर हिल म्हणतात. भोवताली पेढ्या, कचेऱ्या आणि जवळच गोदी. दुपारी जेवणाची सुट्टी झाली की कारकून व मजूर तेथे येत, उभ्याउभ्याच भाकरतुकडा खात आणि दर बुधवारी डोनाल्ड सोपर नावाच्या गृहस्थांचे भाषण ऐकत. सोपर हे मेथडिस्ट पंथाचे पाळक. ते आपल्या मंडळीचे नव्हते हे खरे. परंतु चांगल्या गोष्टीची वाखाणणी करताना पंथ आड येण्याचे कारण नाही. १९२० नंतरच्या दशकात आरंभिलेला हा क्रम त्यांनी वार्धक्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षे, चालविला. १९६५ साली सरकारने त्यांस उमरावांच्या सभागृहात बसविले, तरी टॉवर हिलवरचे उभे राहणे त्यांनी सोडले नाही.

त्याच शहरातील हाईड पार्क उद्यानात आपल्या कॅथलिक मंडळींचीही भाषणे होत. १९१८ साली कॅथलिक एव्हिडन्स गिल्ड नावाचा संघ स्थापन झाला. त्यातील बहुसंख्य वक्ते धर्मगुरू नव्हते. ते संसारी स्त्रीपुरुष होते. सिडनीत जन्मलेले फ्रँक शीड हे त्यांतील विशेष नावाजलेले. या संघाची एक रीत आम्हांस फार आवडते. नवशिक्या वक्त्यास एकदम उद्यानात पाठवीत नसत. आधी आपसांतच सभा भरवीत आणि जुने सभासद टवाळखोर श्रोत्यांची सोंगे घेऊन त्यास वेडेवाकडे प्रश्न विचारीत. जो तेथे टिकला, त्यालाच बाहेर उभे राहण्याची मुभा मिळे.

असे का करावे लागे? देवळातील श्रोता बांधलेला असतो. प्रवचन लांबले तरी तो उठून जात नाही, फार तर डुलकी घेतो. आणि वेदीजवळून बोलणाऱ्या आम्हां मंडळींस मध्येच थांबवून 'फादर, हे पटले नाही' असे कोणी म्हणत नाही. उघड्यावरचा श्रोता मोकळा असतो. आवडले तर थांबतो, नाही तर चालू लागतो, आणि मनात आले तर उलट विचारतो. संत पौलाने अथेन्सच्या बाजारपेठेत हेच सोसले. रोज तेथे जो भेटेल त्याच्याशी तो वाद करी. पुढे अरेयपगाच्या सभेत काहींनी त्याची थट्टा केली, काहींनी पुन्हा ऐकू म्हणून सांगितले, आणि थोड्यांनी विश्वास ठेवला.

नार्नूरच्या वाचकांस वाटेल, की आपल्याकडे कसली जेवणाची सुट्टी आणि कसले उद्यान! परंतु भर दुपारी उघड्यावर भरणारी सभा आपल्या या डोंगराळ मुलखास मुळीच अपरिचित नाही.

इंद्रवेल्लीजवळ केसलापूर येथे पौष अमावस्येस नागोबाची जत्रा भरते. मेसराम कुळीच्या गोंड बांधवांची ती पूजा. गोदावरीचे पाणी ते पायी चालत जाऊन आणतात. जत्रेच्या दिवसांत एके दिवशी तेथे दरबार भरतो. जिल्हाधिकारी, उटनूरच्या आदिवासी विकास संस्थेचे अधिकारी, कधी मंत्रीही येऊन बसतात आणि गावोगावचे लोक उभे राहून आपली गाऱ्हाणी सांगतात. लंडनच्या उद्यानात एक बोलतो आणि गर्दी ऐकते. येथे गर्दी बोलते आणि खुर्चीवाल्यांस ऐकावे लागते. आमच्या मते ही रीत त्या रीतीहून सरस आहे.

या दरबारामागे रक्ताची कहाणी आहे. १९४० साली जोडेघाट येथे जल, जंगल, जमीन यांसाठी लढणारे कुमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने व्हिएन्नात जन्मलेले विद्वान क्रिस्टोफ फॉन फ्यूरर हैमेन्डॉर्फ यांस गोंडांची स्थिती अभ्यासण्यास पाठविले. ते मार्लवाईस राहिले, गोंडी शिकले, आणि १९४३ साली तेथे गोंड शिक्षकांसाठी शाळा निघाली. गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके त्या वेळी देवनागरीत छापली गेली. म्हणजे आपण आज हे साप्ताहिक ज्या अक्षरांत वाचतो, त्याच अक्षरांत. दरबारही त्याच दशकातला, त्यांच्याच प्रयत्नाचा. त्यांच्या पत्नी बेटी यांची समाधी मार्लवाईसच आहे.

अर्थात अर्ज देणे म्हणजे काम होणे नव्हे. गोंडी, बंजारा वा मराठी बोलणाऱ्या म्हाताऱ्याचे दुःख तेलुगू कागदावर उतरेपर्यंत त्यातले किती गळते, हे ज्याने कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या आहेत त्यास विचारावे.

आणि ज्या वर्षी ऐकणारे ऐकावयास तयार नव्हते, त्या वर्षी काय झाले? २० एप्रिल १९८१, सोमवार. आदल्या दिवशी पुनरुत्थानाचा सण झाला होता. इंद्रवेल्लीचा त्या दिवशी आठवडी बाजार होता. जमिनी परक्यांच्या हाती चालल्या, सावकार व जंगलखाते यांचा जाच वाढला, म्हणून गिरिजन रयतु कुली संघाने तेथे सभा बोलाविली होती. सभेस आधी परवानगी मिळाली, मग ती काढून घेतली गेली आणि जमावबंदी पुकारली गेली. लांबलांबच्या खेड्यांतून पायी निघालेल्यांस हे कोण सांगणार? ते आले, बाजारकऱ्यांत मिसळले, अडविले गेले, आणि गोळीबार झाला. सरकारी आकडा मृत गोंडांचा १३ सांगतो. नागरी हक्कांचे कार्यकर्ते त्याहून कितीतरी अधिक सांगत आले. मारल्या गेलेल्यांत कोण बाजारास आला होता आणि कोण भाषण ऐकावयास, याची निवड गोळीने केली नाही. जे भाषण व्हावयाचे होते ते झालेच नाही.

पुढे तेथे हुतात्म्यांचा स्तंभ उभा राहिला. तो एकदा पाडला गेला, पुन्हा बांधला गेला. अनेक वर्षे २० एप्रिलला त्या जागी जमण्यास बंदी असे. आपल्या बापासाठी फूल वाहावयाचे तरी पोलिसांची नजर चुकवावी लागे. २०२४ च्या फेब्रुवारीत तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांनी तेथे स्मृतिवनाची पायाभरणी केली. झाडे, वाटा, बसावयास बाक, हे सर्व अशा ठिकाणी असतेच. आमची एवढीच विनंती, की त्या वनात एखाद्या मोठ्या झाडाखाली थोडी सपाट जागा मोकळी ठेवावी. बाजाराच्या दिवशी, दुपारी भाकरी सोडण्यासाठी माणसे सावली शोधतात त्या वेळी, कोणा गोंडास, लंबाड्यास, मांगास किंवा आमच्या धर्मग्रामातील एखाद्या शेतकऱ्यास तेथे उभे राहून बोलावेसे वाटले तर त्याने आधी कोणाकडे परवानगी मागू नये. आणि अधिकाऱ्यांपैकी एकाने तरी त्या वेळी आपला डबा घेऊन तेथे येऊन बसावे.