गाडीचा टायर का फुटतो? खरं कारण वेगळंच आहे!

मागच्या मे महिन्यात समृद्धी महामार्गावर आमच्या गाडीचा मागचा टायर फुटला. स्पीड १०० चा. बाबांनी जोरात ब्रेक न मारता स्टेअरिंग घट्ट धरून गाडी हळूहळू कडेला घेतली, म्हणून वाचलो.

मला वाटलं, उन्हाने हवा जास्त झाली असेल. पण मेकॅनिकने टायरच्या दोन्ही कडा दाखवल्या, मधल्या भागापेक्षा जास्त झिजलेल्या. म्हणजे बरेच दिवस हवा कमीच होती! कमी हवेत टायरची बाजू प्रत्येक फेरीला जास्त दबते आणि तापते. त्यात भरलेली डिकी, वर ऊन. तासभर एकसारखी गाडी पळवली की आतले थर सुटू लागतात.

म्हणून लांब निघण्याआधी टायर थंड असतानाच हवा तपासा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरू नका. खड्ड्यात आपटून बाजूला फुगा आला असेल तर टायर बदलाच, पंक्चरवाल्याकडे त्यावर इलाज नाही.

आणि हो, मोबाईलचा टॉर्च मारून ‘डीओटी’ कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. आमची स्टेपनी निघाली १११४ ची! तिच्यावरच जीव मुठीत धरून, ४० च्या स्पीडने, पुढचा एक्झिट गाठला.