इंटरनेट वेगवान, मग वायफाय संथ का?

शंभर एमबीपीएसचे कनेक्शन घेतले, दरमहा पैसे वेळेवर भरले, आणि मोबाईलवर वेग तपासला तर आकडा आठ-दहाच्या पुढे सरकत नाही. ही तक्रार आता मुंब्रा-भिवंडीइतकीच खेड्यांतूनही ऐकू येते. ग्राहकाचा पहिला संशय कंपनीवर जातो, आणि तो अगदीच वावगा नाही. मापात कमी देणाऱ्यांना कुरआनच्या सूरह मुतफ्फिफीनमध्ये किती सक्त ताकीद आहे, हे आपल्या व्यापारी बंधूंना सांगायला नको. परंतु माप कोठे कमी पडले याची शहानिशा आधी व्हायला हवी. पुष्कळदा वेग घराच्या उंबरठ्यापर्यंत पूर्ण आलेला असतो आणि पेटीपासून मोबाईलपर्यंतच्या दहा-पंधरा फुटांत सांडून जातो.

जुन्नर तालुक्यातील आणे गावाचा दाखला घेऊ. आळेफाट्याहून अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाताना घाट चढला की हे पठार लागते. रंगदास स्वामींच्या यात्रेतील आमटी-भाकरीमुळे गावाचे नाव दूरवर माहीत आहे; पाण्याची टंचाईही तितकीच माहीत आहे. म्हणून उपमा पाण्याचीच देतो. टाकी काठोकाठ भरलेली असली, तरी नळ अर्ध्या इंचाचा असेल तर बादली सावकाशच भरणार. अशा वेळी दुसरी, मोठी टाकी विकत घेणे म्हणजे निव्वळ इस्राफ. वेग कमी म्हणून शंभरऐवजी तीनशेचा प्लॅन घेणारा नेमके हेच करतो.

आता समजा, या गावात एका कांदा व्यापाऱ्याचे जुने दगडी घर आहे. फायबरची पेटी पुढच्या खोलीत, दारामागे, लोखंडी कपाटाच्या आडोशाला बसवलेली. मागच्या खोलीत मुलगा ऑनलाइन परीक्षेला बसतो, आणि बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये माल भरला जात असताना पैसे मोबाईलवर घ्यायचे असतात. परीक्षेचा पेपर अर्ध्यावर थांबला किंवा गाडी दारात उभी असताना रक्कम जमा झाल्याचा संदेश आलाच नाही, तर नुकसान खरे आहे.

पहिले काम मोजमापाचे. लॅपटॉपला लॅन केबल लावून ती थेट राऊटरला जोडावी, घरातील बाकी सर्व मोबाईल-टीव्ही बंद ठेवावेत आणि वेग तपासावा. सकाळी एकदा, रात्री नऊच्या सुमारास एकदा, असे दोन-तीन दिवस करून आकडे वहीत टिपावेत. केबलवर पूर्ण वेग येत असेल तर कंपनी निर्दोष. दोष घरात आहे. केबलवरही कमी येत असेल तर मात्र तक्रार रास्त. एक अपवाद ध्यानात ठेवावा. प्लॅन दोनशे किंवा तीनशेचा आणि केबलवर नेमके ९४-९५ येत असतील, तर राऊटरचे किंवा लॅपटॉपचे छिद्र शंभराच्या क्षमतेचे आहे, अथवा केबलमधील आठपैकी चारच तारा जोडल्या गेल्या आहेत. आणखी एक गैरसमज नेहमीचा आहे. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, तर फाईल मेगाबाईटमध्ये मोजली जाते, आणि आठ बिटांचा एक बाईट होतो. म्हणजे शंभराच्या कनेक्शनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाईट उतरले तर माप पुरेपूर आहे.

दोष घरात ठरला की भिंतींकडे पाहावे. वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. आणे ज्या जुन्नर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९-२०२०) यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली, आणि जागा निवडताना माणसांनी निर्माण केलेला रेडिओ गोंगाट तेथे कमी आहे हे एक मोठे कारण होते. वायफायचेही या शास्त्राशी नाते आहे. भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरींमुळे होणारा गोंधळ कसा टाळावा, याची एक महत्त्वाची युक्ती ऑस्ट्रेलियातील जॉन ओ'सुलिव्हन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली. १९९६ साली तिला अमेरिकेत पेटंट मिळाले.

परंतु युक्ती कितीही हुशार असली तरी दोन फुटी दगडी भिंतीपुढे तिचा जोर चालत नाही. पत्रा, लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी हे लहरींचे मोठे शत्रू. पत्र्याच्या शेडमध्ये लहर जवळजवळ शिरतच नाही. त्यामुळे पेटी दारामागून काढून घराच्या मध्यभागी, डोक्याइतक्या उंचीवर, उघड्यावर ठेवणे हा बिनखर्चाचा पहिला उपाय. अँटेना सरळ उभ्या ठेवाव्यात. मात्र पेटी हलवताना फायबरला टोकदार वळण देऊ नये किंवा ती खिळ्याला गुंडाळू नये. आत काच असते आणि वाकवली की प्रकाश गळतो.

बहुतेक नव्या राऊटरवर दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. नावापुढे ‘५जी’ दिसले म्हणून तो मोबाईलचा फाइव्ह-जी समजू नये. पाचचा पट्टा वेगवान, पण भिंतीला लवकर दमतो. अडीचच्या आसपासचा पट्टा लांब जातो, पण वेग कमी आणि गर्दी फार, कारण ब्लूटूथ व मायक्रोवेव्ह ओव्हनही तेथेच वावरतात. त्यात एकमेकांना न अडवणाऱ्या वाटा साधारणपणे तीनच: १, ६ आणि ११. आण्यासारख्या गावात शेजाऱ्यांचा त्रास थोडा. मुंब्र्याच्या इमारतीत मात्र एका खोलीत वीस-वीस वायफायची नावे दिसतात. तेथे भिंतीपेक्षा गर्दीचाच उपद्रव मोठा, आणि जवळच्या उपकरणांसाठी पाचचाच पट्टा वापरणे शहाणपणाचे.

जुन्या मोबाईलचेही ऐकून घ्या. पुष्कळ स्वस्त फोनना पाचचा पट्टा दिसतच नाही, आणि त्यांच्यावर तीस-चाळीसच्या वर वेग क्वचितच मिळतो. शिवाय एका पट्ट्यावर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. मंद फोन तेवढीच माहिती घ्यायला जास्त वेळ अडवून धरतो आणि वेगवान फोन रांगेत ताटकळतो.

मागच्या खोलीसाठी दुकानदार ‘रिपीटर’ सुचवतात. स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. शिवाय जेथे मुळातच सिग्नल क्षीण आहे तेथे तो लावला तर क्षीणच पुढे पाठवणार. त्यापेक्षा पुढच्या खोलीतून लॅन केबल ओढून शेडमध्ये दुसरा राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून बसवावा. साधी लॅन केबल शंभर मीटरपर्यंत पूर्ण वेग नेते. परीक्षेच्या संगणकाला तर सरळ केबलच लावावी.

हे सर्व करूनही केबलवरचे आकडे कमीच राहिले, तर वहीतील तारीख, वेळ आणि वेग लिहून कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी व तक्रार क्रमांक मागून घ्यावा. मोबाईलवरचा आकडा दाखवला तर कंपनीचा माणूस वायफायकडे बोट दाखवून मोकळा होईल. केबलवरच्या आकड्याला त्याला उत्तर द्यावे लागते.