बटण दाबा आणि पुन्हा झोपा!

एक सोप्पा प्रश्न. रविवारी सकाळी तुमच्या घरी गरमागरम पोहे कोण कोण खातं? नीट आठवून बघा. बहुतेक घरांत उत्तर सेम निघेल : पोहे करणारी सोडून बाकी सगळे! पोहे निदान एकदम तरी होतात. डोसे, थालीपीठ, ऑम्लेट असेल तर बघायलाच नको. एकाने गॅसपाशी उभं राहायचं आणि बाकीच्यांनी टेबलावरून 'अजून एक टाक गं' म्हणून ऑर्डर सोडायची. तव्यावरचा फ्रेंच टोस्टही याच जातीचा. एका वेळी दोन स्लाइस. चौथ्याच्या बशीत टोस्ट पडेपर्यंत पहिल्याचं खाऊन, पेपर वाचून झालेला असतो.

अमेरिकेतल्या घरांमध्ये यावर एक सही तोडगा आहे. नाव लांबलचक, काम एकदम सोपं : स्लो कुकर फ्रेंच टोस्ट कॅसरोल. शिळ्या पावाचे चौकोनी तुकडे अंडं-दुधाच्या मिश्रणात रात्रभर भिजवायचे, सकाळी स्लो कुकरमध्ये घालायचे, बटण दाबायचं आणि चक्क पुन्हा झोपायला जायचं. साधारण चार तासांनी आठ जणांचा नाश्ता एकदम तयार. घरी पाहुणे असले की, नाताळच्या किंवा ईस्टरच्या सकाळी, तिकडे हा प्रकार हमखास होतो.

मी तो पहिल्यांदा पाहिला जर्सी सिटीत, ताईकडे. मी तीन आठवड्यांसाठी गेले होते. आई तिथे आधीच चार महिने होती, ताईच्या बाळंतपणासाठी. अमेरिकेतल्या मराठी घरांत हा सीन नवा नाही. व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आई येते, ती परत जायच्या बेताला सासू येते आणि दोघींच्या मध्ये बाळ रांगायला लागतं!

आईचं तिथलं टाइमटेबल पक्कं होतं. पाचला उठायचं. सातला जिजूंचा डबा आणि नाश्ता, कारण त्यांना मॅनहॅटनला जाणारी पाथ ट्रेन पकडायची. मग नऊच्या सुमाराला ताईचा, बाळ झोपलं की. मग माझा, मी उठेन तेव्हा! आणि सगळ्यांत शेवटी उरलंसुरलं, गार झालेलं, ओट्यापाशी उभ्याउभ्याने तिचं स्वतःचं. शनिवार-रविवारीही फरक नाही, फक्त वेळा पुढे सरकायच्या. एकदा ताई सहज म्हणाली, "आई आल्यापासून आपण सगळ्यांनी एकत्र बसून नाश्ता असा केलेलाच नाही गं." आई परत जायला पाच आठवडे उरले होते.

मग ताईने कपाटाच्या वरच्या खणातून स्लो कुकर खाली काढला.

चुलीच्या वैलाचा अमेरिकन भाऊ

स्लो कुकर म्हणजे प्रेशर कुकरच्या एकदम उलटा प्राणी. शिट्टी नाही, घाई नाही. जाड चिनी मातीचं भांडं, बाहेर धातूचं कवच आणि दोन्हींच्या मध्ये हळूहळू तापणारी तार. मोठ्या कुकरलाही साधारण २०० ते ३०० वॉट वीज पुरते, म्हणजे आपल्या इस्त्रीपेक्षा कितीतरी कमी. उष्णता मुख्यतः कडेने येते, त्यामुळे तळाला लागण्याची भीती कमी. 'लो' आणि 'हाय' अशी दोन बटणं असतात. गंमत म्हणजे दोन्हीवर पदार्थ शेवटी जवळपास तितकाच तापतो, 'लो'वर फक्त तिथवर पोचायला जास्त वेळ लागतो.

आईला हे समजवायला वेळ लागला नाही. ती म्हणाली, "म्हणजे वैलच की!" आजीच्या चुलीला शेजारी वैल असायचा. मुख्य चुलीवर भाकरी आणि वैलावर दूध नाहीतर आमटी, मंद आचेवर आपली होत राहायची.

खरं तर या यंत्राचा जन्मही अशाच एका आठवणीतून झाला. अर्विंग नॅक्सन हा त्याचा कर्ता. आडनाव मूळचं नाखुमसोन, घराणं लिथुआनियातून आलेलं ज्यू आणि जन्म १९०२ चा, याच जर्सी सिटीतला! शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत, धार्मिक ज्यू घरांत चूल पेटवत नाहीत. मग गरम जेवण कसं मिळणार? नॅक्सनची आई सांगायची, की तिच्या लहानपणी शुक्रवारी कडधान्य, मांस आणि भाज्यांचं भरलेलं भांडं गावच्या बेकरीत नेऊन ठेवायचे. भट्टी विझत जायची, पण तिच्या उरलेल्या धगीवर 'चोलंट' नावाचा हा पदार्थ दुसऱ्या दिवसापर्यंत शिजत राहायचा. ही गोष्ट डोक्यात ठेवून नॅक्सनने विजेचं भांडं बनवलं. १९३६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९४० मध्ये ते मिळालं. १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये हेच भांडं 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आलं. नोकरीसाठी घराबाहेर पडणाऱ्या अमेरिकन बायकांनी ते उचलून धरलं. सकाळी भरायचं, संध्याकाळी वाढायचं. थोडक्यात काय, स्वयंपाक करणारीला एक दिवस बसायला मिळावं, हा या यंत्राचा फंडा पहिल्यापासूनच आहे.

फ्रेंच टोस्टची कुळकथाही शिळ्याचं सोनं करणाऱ्यांचीच. 'अपिकियस' नावाच्या जुन्या रोमन पाककृतींच्या संग्रहात पाव दुधात भिजवून, तळून, वर मध घालायला सांगितलंय. फ्रेंच लोक त्याला 'पँ पर्द्यु' म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव. आपण शिळ्या पोळीचा कुस्करा करतो, उरलेल्या भाताला फोडणी देतो, त्यातलाच प्रकार!

शनिवार रात्रीचा दहा मिनिटांचा खेळ

पाव नेमका कुठला? ताईने खाला आणला होता. वेणीसारखा गुंफलेला, अंडं घातलेला हा पाव ज्यू घरांत शब्बाथला लागतो, पण अमेरिकेतल्या बऱ्याच सुपरमार्केटमध्ये मिळतो. ब्रिऑश किंवा साधा जाड पावही चालतो. अट एकच, तो ताजा-लुसलुशीत नको. आदल्या दिवशीचा, थोडा कडक झालेला पाव दूध पितो आणि तरी उभा राहतो. ताज्याचा नुसता लगदा होतो.

साहित्य (सहा ते आठ जणांसाठी, साधारण साडेपाच-सहा लिटरचा कुकर) :

पाव ४५० ग्रॅम, एक इंचाचे तुकडे. अंडी ८. दूध २ कप. क्रीम अर्धा कप. साखर पाव कपापेक्षा थोडी जास्त. व्हॅनिला १ चमचा. दालचिनीची पूड २ चमचे. जायफळ किसून चिमूटभर. मीठ पाव चमचा. वर घालायला : लोणी ४ मोठे चमचे, ब्राऊन शुगर पाऊण वाटी, पिकॅन किंवा अक्रोडाचे तुकडे अर्धा कप.

रात्री अंडी, दूध, क्रीम, साखर, मीठ, मसाला सगळं फेटून पावावर ओतायचं, हलक्या हाताने दाबायचं आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवायचं. हे कुकरच्या मातीच्या भांड्यात करू नका. फ्रीजमधून काढलेलं गार भांडं तापायला फार वेळ घेतं, तडकूही शकतं. आम्ही आईचं स्टीलचं पातेलं वापरलं.

सकाळी कुकरच्या भांड्याला आतून लोणी चोपडायचं, भिजलेला पाव त्यात घालायचा, वर लोणी, साखर आणि पिकॅन. झाकणाखाली एक जाड पेपर टॉवेल ताणून ठेवायचा. ही टिप सॉल्लिड आहे! स्लो कुकरमध्ये वाफ बाहेर जात नाही, झाकणावर थेंब साचतात आणि तेच खाली पडून वरचा थर पचपचीत करतात. ते पाणी टॉवेल पिऊन टाकतो. मग 'लो'वर साडेतीन ते चार तास. उगाच झाकण उघडून डोकवायचं नाही, दर वेळी पंधरा-वीस मिनिटं वाढतात. शेवटची पंधरा मिनिटं झाकण काढलं, की वरून छान कोरडं होतं. मधोमध सुरी घालून बघा, ती स्वच्छ बाहेर आली पाहिजे. थर्मोमीटर असेल तर मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? रात्रीच कुकरमध्ये घालून टायमर लावू की! नाही. इथे स्मार्टपणा नको. कच्चं अंडं-दूध ४ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं अमेरिकेचं कृषी खातं बजावतं, कारण जंतू याच पट्ट्यात झपाट्याने वाढतात. आणि रात्री अकरालाच चालू करून आठ तास ठेवलं तर कडा जळून चामडं होतात. म्हणजे पहाटे कुणीतरी उठून बटण दाबायलाच हवं.

आमच्या घरात खरी गंमत इथेच झाली.

"मग मी काय करू?"

शनिवारी रात्री ताईने डिक्लेअर केलं, "उद्या आईने स्वयंपाकघरात यायचं नाही." मला वाटलं, आई खूश होईल. ती एकदम गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मग मी काय करू?"

आई चेष्टा करत नव्हती. तिकडे तिला ना रस्ते ओळखीचे, ना शेजारी. गाडी चालवता येत नाही, टीव्हीवरचे उच्चार कळत नाहीत. त्या घरात तिचा हक्काचा कोपरा एकच, तो ओटा. आपण तिला आराम देतोय असं आम्हाला वाटत होतं. तिला वाटत होतं, आपलं काम काढून घेतायत. ताईच्या हे लक्षात आलं बहुतेक. तिने पाव आणि सुरी आईपुढे सरकवली. तुकडे आईने केले, जायफळ आईने किसलं, मिश्रणाची चव तिने अंडी घालायच्या आधी घेतली आणि मीठ वाढवलं. पण पहाटेची ड्यूटी मात्र जिजूंची. सव्वापाचला बाळाची बाटली तेच देतात, तेव्हाच बटण दाबायचं ठरलं.

मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपले होते, स्वयंपाकघर समोरच. पहाटे पातेल्याचा आवाज झाला आणि दोन मिनिटांत आई हजर! "अहो, तुम्ही राहू द्या, मी करते."

जिजू म्हणाले, "आई, करायचं काहीच नाहीये. नुसतं बटण आहे."

"पण तुम्ही कशाला..."

"तुम्ही याला धरता का?" असं म्हणत त्यांनी बाळ तिच्या हातात दिलं. जावई ओट्याशी आणि सासू खुर्चीत, असा उलटा देखावा आमच्या घराण्यात पहिलाच असावा! आई नातवाला घेऊन बसून राहिली. परत झोपली नाही. पण उठलीही नाही. हळूहळू दालचिनीचा वास घरभर पसरत गेला.

साडेनऊला भांडंच टेबलावर आलं. मेपल सिरप, केळ्याचे काप, चहा. चार माणसं, चार बशा, एकाच वेळी. कुणी उठून काही आणायचं नव्हतं. वरून पिकॅनचा कुरकुरीत थर, आत ओलसर आणि मऊ. आईने दोन घास खाल्ले आणि निकाल दिला, "शिऱ्यासारखं लागतंय. बरंय. पण तिखट का नाही करत हे?"

म्हणून पुढच्या रविवारी केलं! साखर, व्हॅनिला, दालचिनी बाद. त्याऐवजी परतलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद आणि किसलेलं चीज. रेसिपी आईची, बटण जिजूंचं. आणि माझ्या मते हे व्हर्जन गोडापेक्षा वरचढ आहे. आई परत येईपर्यंत दर रविवारी असंच चाललं, हे ताईने मला नंतर सांगितलं.

आपल्याकडे करायचं तर...

अमेरिकेहून कुणी प्रेमाने कुकर आणला, तर आधी त्याचं लेबल वाचा. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. थेट प्लगमध्ये घातलात तर गेला! काही इलेक्ट्रिक मल्टिकुकरमध्ये 'स्लो कुक'चं बटण असतं, ते चालतं. तेही नसेल तर ओव्हन किंवा ओटीजी झिंदाबाद. हेच मिश्रण लोणी लावलेल्या पसरट भांड्यात १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. मग पहाटे उठायचीही गरज नाही, साडेआठला आत टाकलं की झालं. पाव म्हणून बेकरीतला न कापलेला ब्रेड घ्या किंवा आदल्या दिवशीची लादी.

फक्त बटण कोण दाबणार, हे शनिवारी रात्रीच ठरवून टाका. नाव घेऊन ठरवा. नाहीतर ती उठेलच, सवयीने.