देखावा आणि दर्शन : वस्तूंवर छापलेले भेडाघाट

जबलपूरनजीकच्या भेडाघाट येथील संगमरवरी कडे आणि धुआँधार प्रपात यांची चित्रे पूर्वी प्रवासवर्णने, दिनदर्शिका व चित्रपट यांतून लोकांपर्यंत पोहोचत. आज तीच छायाचित्रे लहान मुलांचे सदरे, उशांचे अभ्रे आणि चहाचे पेले यांवरही छापता येतात. हे केवळ बाजारपेठेतील परिवर्तन नव्हे. ते एका स्थलसंहितेचे माध्यमांतर होय, आणि म्हणून तौलनिक अभ्यासाचा विषयही होय.

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत : 'दर्शन' आणि 'देखावा'. इतर नद्या स्नानाने पावन करतात, नर्मदा मात्र केवळ दर्शनाने, अशी पौराणिक धारणा आहे. येथे पाहणे हेच पुण्यकर्म ठरते. 'देखावा' या शब्दात मात्र निसर्गशोभेबरोबर बाह्य अवडंबराचाही अर्थ वसतो. कॅप्टन जेम्स फोरसिथ यांच्या 1871 मधील मध्य भारतावरील इंग्रजी ग्रंथात हे कडे प्रवाशाच्या दृष्टीने रंगवलेले आढळतात. तीर्थ तेथे देखावा होते. 1960 च्या 'जिस देश में गंगा बहती है' या चित्रपटातील एका गीताचे चित्रीकरण भेडाघाटला झाले. शीर्षक गंगेचे, दृश्य नर्मदेचे. चौकटीत शिरताच स्थळ आपले नाव गमावू शकते, याचे हे बोलके उदाहरण.

वस्तूंवरील छपाईत ही प्रक्रिया आणखी पुढे जाते. प्रचलित पद्धतीत विशिष्ट शाईने कागदावर उमटवलेले चित्र सुमारे 200 अंश सेल्सिअस तापमानाला दाबले जाते. शाईची वाफ होऊन ती पॉलिएस्टरच्या धाग्यात मुरते. सुती कापड ही शाई धरत नाही. विशेष म्हणजे या पद्धतीत पांढरी शाई नसते. जेथे पांढरे दिसावयाचे तेथे कापड कोरे सोडले जाते. परिणामी भेडाघाटचे शुभ्र कडे आणि धुआँधारचे तुषार, म्हणजे ज्यांसाठी हे स्थळ प्रसिद्ध आहे तेच, सदऱ्यावर न छापलेली जागा म्हणून उरतात. शिवाय रुंद दृश्य लहान मुलाच्या मापात बसवताना बाही आणि शिवण यांपाशी ते तुटते.

याच्याशी जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड (1928-2018) यांचे कार्य ताडून पाहण्याजोगे आहे. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेल्या वेगडांनी 1977 पासून नर्मदाकाठची पदयात्रा केली आणि गुजराती व हिंदीत लेखन केले. त्यांची कोलाजचित्रेही कागद कापूनच घडली. परंतु त्या कापण्यामागे चालण्याचा अनुभव होता आणि चित्रांत घाटावरची माणसे होती. छापील देखाव्यात बहुधा माणूस नसतो.

ही अनुपस्थिती निरुपद्रवी नाही. धुआँधारच्या वरच्या बाजूस बरगी धरण आहे. 1990 च्या सुमारास त्याचा जलाशय भरला, अनेक गावे बुडाली आणि हजारो कुटुंबे विस्थापित झाली. खालच्या प्रवाहावरही त्या धरणाचे नियंत्रण आहे. सदऱ्यावरचा प्रपात मात्र कोणत्याही ऋतूत सारखाच भरलेला असतो. ज्या मुलाला नर्मदेचा पहिला परिचय अशा वस्त्रातून होतो, त्याला नदी दिसते. तिचा इतिहास दिसत नाही.

म्हणून अशा वस्तू क्षुद्र मानून वगळणे योग्य ठरणार नाही. माहात्म्य, प्रवासवर्णन, चित्रपट आणि वस्त्र यांची एक परंपरा म्हणून मांडणी केल्यास, दर्शनाचा देखावा होताना प्रत्येक टप्प्यावर काय गळले, हे नेमकेपणाने सांगता येते. त्या गळतीची नोंद ठेवणे हे तौलनिक वाचनाचे काम आहे.