कुडाचं घर ‘कच्चं’ का ठरतं?

नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुवा भागातल्या सातपुड्याच्या पाड्यांवर भिल्ल आणि पावरा कुटुंबांची जुनी घरं आजही दिसतात. लाकडाचे खांब, बांबूच्या कामट्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप आणि वर कौलं. जनगणनेच्या वर्गवारीत बांबूची भिंत ‘तात्पुरती’ धरली जाते. आपणही अशा घराला सहज कच्चं म्हणतो. पण बांबू लवकर जातो, तो बहुधा चुकीच्या वेळी तोडला म्हणून.

बांबू हे खरं तर गवत. कोंब जमिनीतून वर येतो तोच आपली पुरी जाडी घेऊन, आणि काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. मात्र तो पक्का व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून बेटातले कोवळे बांबू राखायचे आणि जून झालेले तेवढे काढायचे. बेट जगतं, पुढच्या पावसाळ्यात नवे कोंब फुटतात. सागाचा खांब पुन्हा उभा राहायला मात्र काही दशकं जातात.

दुसरा प्रश्न किडीचा. भुंगेरा बांबू पोखरतो तो त्यातल्या पिठूळ अंशासाठी. पावसाळ्यानंतर हा अंश कमी झालेला असतो, म्हणून तोड हिवाळ्यात करायची. पुढे काही आठवडे बांबू पाण्यात बुडवून ठेवला की उरलेला गोड अंशही बराचसा निघून जातो. आता बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावणही वापरतात. त्याला उंच जोतं आणि रुंद वळचण यांची जोड दिली, की भिंत ओलीपासून वाचते.

या घराचा हलकेपणा हाही गुणच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जड दगड-मातीच्या भिंतींखाली हजारो माणसं गेली. तापी-नर्मदेचा पट्टाही भूकंपाच्या धोक्यापासून मुक्त नाही. शिवाय सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सिअसला भाजावी लागते. बांबूला ती भट्टी लागत नाही.

१९२७ च्या वन कायद्याने बांबूला ‘झाड’ ठरवलं होतं. २०१७ मध्ये ती व्याख्या बदलली आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू तोडणं, विकणं सोपं झालं. २०२२ मध्ये उद्घाटन झालेल्या बंगळुरू विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचं छतही बांबूने सजलं आहे.

तेव्हा उणीव बांबूची नाही. कोणता बांबू, कधी आणि कसा तोडायचा, हे पाड्यावरच्या जाणत्यांना ठाऊक आहे. ते गवंड्यांच्या आणि अभियंत्यांच्या शिक्षणात आलं, तर कुडाचं घरही पक्कं म्हणता येईल.