मिठूला पासपोर्ट लागतो का?

परीक्षा संपली की घरोघरी एकच चर्चा, "यंदा सुट्टीत कुठं जायचं?" कुणी मामाच्या गावाला, कुणी आत्याकडं. आणि ज्यांचे काका किंवा मावशी दुबईला, अमेरिकेला आहेत, ती मुलं तर थेट विमानानं! आता समजा, तुमच्या घरी एक पोपट आहे. तुमचं नाव घेतो, हातावरचा दाणा टिपतो. मग तुम्ही आईच्या मागं लागणारच, "मिठूलाही नेऊ या ना! एवढासा तर आहे, माझ्या मांडीवर बसेल."

मांडीवर बसेल हो, पण देशाची सीमा ओलांडणं काही इतकं सोपं नाही. तिथं पहिला प्रश्न येतो : मिठू कोणत्या जातीचा?

आमच्या वेळापूरकडं ज्वारीच्या कणसांवर, पेरूच्या झाडांवर हिरव्या पोपटांचे थवे उतरतात. लाल चोच, लांब शेपटी आणि नराच्या गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी. हाच आपला राघू. तो वन्यपक्षी आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पकडायला, विकायला आणि पिंजऱ्यात ठेवायला बंदी आहे. मग परदेशी नेणं तर दूरच! झाडाच्या ढोलीतून पिल्लं ओढून काढतात, तेव्हा त्यातली कितीतरी बाजारात पोचण्याआधीच मरतात. म्हणून हा कायदा.

पण असा राघू घरात असेल, तर घाईनं पिंजऱ्याचं दार उघडू नका बरं का! वर्षानुवर्षं वाटीतलं खाल्लेल्या पक्ष्याला दाणा शोधता येत नाही, मांजरापासून पळता येत नाही. आईबाबांना सांगा, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि ते सांगतील तसं करा.

आता परदेशी पोपट. आफ्रिकेचा करडा पोपट, दक्षिण अमेरिकेचा मकाव, ऑस्ट्रेलियाकडचा काकाकुवा. यांच्यासाठी देशोदेशींनी मिळून एक करार केला आहे. त्याचं नाव 'साइट्स'. ३ मार्च १९७३ रोजी तो वॉशिंग्टनला ठरला, १९७५मध्ये लागू झाला आणि १९७६मध्ये भारत त्यात सामील झाला. आज १८०हून जास्त देश तो पाळतात. बजरीगर, कॉकाटील असे चार प्रकार सोडले, तर जगातले सगळे पोपट या कराराच्या यादीत आहेत. करडा पोपट माणसासारखा बोलतो, म्हणून त्याला इतकं पकडलं गेलं, की २०१६मध्ये जोहान्सबर्गच्या बैठकीत त्याला सर्वांत कडक यादीत घालावं लागलं. गोड बोलणंच त्याच्या जिवावर उठलं!

तेव्हा यादीतला पोपट न्यायचा तर आधी सरकारी परवाना हवा. काही जातींना तर निघायच्या देशाचा आणि पोचायच्या देशाचा, असे दोन्ही परवाने लागतात. शिवाय जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला. भारतात असे परदेशी प्राणी-पक्षी पाळणाऱ्यांना २०२४च्या नियमांनुसार सरकारकडं नोंदणीही करावी लागते. पक्ष्याची ओळख पटवायला काहींच्या पायात अखंड कडी असते. पिल्लू काही दिवसांचं असतानाच ती पायात सरकवतात. पाय वाढला, की ती चढतही नाही आणि निघतही नाही. म्हणजे पक्षी रानातून पकडलेला नाही, हे कळतं. आहे की नाही युक्ती!

तुम्ही म्हणाल, "एका पोपटासाठी एवढी कटकट कशाला?" त्यासाठी एक खरी गोष्ट ऐका. १९२९च्या नाताळात अमेरिकेत बऱ्याच घरांत पोपट भेट म्हणून आले. पुढच्याच महिन्यात माणसं तापानं, खोकल्यानं फणफणू लागली. पोपटाच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून आत गेली, की होणारा हा 'पोपट-ताप'. तेव्हा त्यावर आजच्यासारखं औषध नव्हतं. माणसं दगावली. शेवटी जानेवारी १९३०मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी पोपट आणायलाच बंदी घातली. आजही बर्ड फ्लूसारखे रोग आहेतच. वरून ठणठणीत दिसणारा पक्षीही रोग घेऊन येऊ शकतो.

म्हणूनच कित्येक देशांत बाहेरून आलेल्या पक्ष्याला आधी वेगळं ठेवून तपासतात. अमेरिकेत परदेशातून आलेल्या पाळीव पक्ष्याला सरकारी केंद्रात ३० दिवस राहावं लागतं. ऑस्ट्रेलियात तर न्यूझीलंड सोडून दुसऱ्या देशातला पाळीव पोपट येऊच देत नाहीत.

आता एक सोपं गणित सोडवा. तुमची सुट्टी २१ दिवसांची आणि मिठूचा मुक्काम त्या केंद्रात ३० दिवस. मग तुम्हाला तिकडं मिठू किती दिवस भेटला? एकही नाही! तुम्ही परत येऊन शाळेची वह्या-पुस्तकं आणाल, तरी तो बिचारा अनोळखी पिंजऱ्यातच. विमानाच्या आवाजानं आणि नव्या जागेनं पोपट बावरतात. काही तर खाणं सोडतात, स्वतःचीच पिसं उपटतात.

कायमचं परदेशी राहायला जायचं असेल, तर पालकांनी काही महिने आधीपासून दोन्ही देशांचे नियम विचारून कागद करावेत. पण दोन-तीन आठवड्यांच्या फिरण्यासाठी? मिठूला घरीच राहू द्या. त्याला ओळखणाऱ्या आजीला किंवा शेजारच्या काकूंना सांगा. तो काय खातो, पाणी कधी बदलायचं, रात्री पिंजऱ्यावर कापड टाकायचं का, हे एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून ठेवा. डॉक्टरांचा फोन नंबरही लिहा. जाण्याआधी दोन-चार दिवस त्यांच्याच हातून त्याला खाऊ द्या, म्हणजे तो रुळेल.

आणि तिकडून आजीला फोन कराल, तेव्हा तो पिंजऱ्याजवळ धरायला सांगा. "मिठू" म्हणून हाक मारा, काय म्हणतो बघा!