मापातला सुगंध

फाल्गुन सरता सरता नवेगाव बांधच्या रानात मोहाची फुले गळू लागतात. पहाटे जलाशयाच्या काठाने चालताना तो गोडसर, दाट वास येतो आणि पाऊल आपोआप मंदावते. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला हा तलाव आणि १९७५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेले भोवतालचे अरण्य पाहावयास गोंदिया, भंडारा, नागपूर येथील व्यापारी कुटुंबे सुटीच्या दिवशी आवर्जून येतात. धानाचा हंगाम, अडकलेली उधारी, जीएसटीची विवरणपत्रे आणि रात्री उशिरापर्यंत न जुळणारा रोकडमेळ यांतून सुटून आलेला माणूस परतताना सांगतो, "डोके हलके झाले."

हाच हलकेपणा आता लहान बाटल्यांतून विकला जातो. 'अरोमाथेरपी' अर्थात सुगंधोपचार या नावाने लॅव्हेंडर, चंदन, वाळा, गवती चहा यांची तेले मोठमोठ्या दाव्यांसह घरोघरी पोहोचत आहेत. त्यांत खरे किती आणि फुगवलेले किती, याचा हिशेब व्यापारी घराने तरी मांडूनच पाहावा.

'अरोमाथेरपी' हा शब्द रूढ केला तो फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ रने-मोरिस गातफोसे यांनी. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. गंधाचा मनावर परिणाम का होतो, याचे उत्तर शरीररचनेतच आहे. नाकातील गंधज्ञान भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागांपर्यंत फार थेट पोहोचते. म्हणूनच देरासरातील केशर-चंदनाचा वास आला की आजीचा हात धरून चढलेल्या पायऱ्या क्षणात आठवतात. मात्र प्रयोगांचा निष्कर्ष संयमाचा आहे. लॅव्हेंडरच्या वासाने काही प्रसंगी चिंता थोडी उतरते, झोप जरा बरी लागते, असे अनेक अभ्यासांत दिसले. पण वास लपवता येत नसल्याने निष्पक्ष तुलना करणे कठीण जाते. तात्पर्य, सुगंध हा आधार आहे. औषधाची जागा तो घेऊ शकत नाही.

या व्यापारात आपल्या प्रदेशाचेही एक जुने पान आहे. विदर्भ, खानदेश आणि निमाडच्या कोरड्या रानांत रोशा नावाचे गवत उगवते; त्यालाच रोहिष किंवा तिखाडी असेही म्हणतात. पावसाळा संपता संपता ते फुलावर आले की कापावयाचे, ओढ्याकाठच्या भट्टीवर पाण्यासह उकळावयाचे, वाफ बांबूच्या नळीतून वाहत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवावयाची आणि थंड झालेल्या पाण्यावर तरंगणारे तेल निथळून घ्यावयाचे, अशी ही जुनी रीत होती. शंभर किलो ताज्या गवतातून जेमतेम अर्ध्या किलोच्या आसपास तेल निघते. त्यातील जेरॅनिऑल या द्रव्यामुळे त्याला गुलाबासारखा वास येतो. आज हेच तेल 'पामरोसा' म्हणून विकले जाते.

पुढची कथा व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबई बंदरातून इस्तंबूलकडे जात असे आणि तेथे गुलाबाच्या महागड्या तेलात मिसळले जात असे. इकडे निघण्यापूर्वीच त्यात टर्पेंटाइन किंवा खनिज तेल घालणारेही होते. गवताचे तेल स्वतः उत्तमच होते. खोट होती ती त्याला दिलेल्या नावात आणि मापात.

आजही खरेदी करताना हीच दोन स्थळे पाहावीत. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण तीन ते चार हजार किलो पाकळ्या लागतात. म्हणून शंभर-दोनशे रुपयांत मिळणारे 'शुद्ध गुलाबतेल' शुद्ध असू शकत नाही. बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, कोणत्या भागापासून तेल काढले आणि बॅच क्रमांक असावा. 'सुगंधी तेल' एवढाच मोघम शब्द असेल तर ती बाटली तेथेच ठेवावी. कोऱ्या कागदावर थेंब टाकून पाहावा. हलके अस्सल तेल काही तासांत उडून जाते आणि तेलकट डाग राहिला तर त्यात दुसरे तेल असण्याचा संभव असतो. चंदन आणि वाळा यांची तेले जड असल्याने त्यांना मात्र ही कसोटी लागू नाही.

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्त आहे: हे आले कोठून? जुन्या अत्तरांत कस्तुरी, जवादी आणि अंबर वापरीत. ही तिन्ही द्रव्ये प्राण्यांपासून मिळतात. तेव्हा मिश्र अत्तर घेताना घटक विचारून घ्यावेत. विदर्भाच्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा गारवा कोणाला प्रिय नाही? पण वाळा हे मूळ आहे; ते मिळविण्यासाठी संपूर्ण रोप उपटावे लागते. चंदनाच्या गाभ्यात तेल भरावयास कित्येक वर्षे लागतात आणि मग झाड तोडावे लागते. रोशा किंवा गवती चहा कापल्यावर पुन्हा फुटतो. ज्यांना हा विवेक महत्त्वाचा वाटतो, त्यांच्यासाठी निवड फारशी अवघड नाही.

वापराचे नियम थोडे आहेत, पण ते पाळलेच पाहिजेत. अंगाला लावावयाचे असल्यास ३० मिलिलिटर तिळाच्या किंवा खोबरेल तेलात सहा थेंब पुरेत. प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस वाट पाहावी. खोलीत दरवळ हवा असेल तर तीन-चार थेंब आणि अर्धा तास पुरे. खिडकी किंचित उघडी असावी. लिंबाच्या सालीचे दाबून काढलेले तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजू शकते. दमा असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही तेले वापरू नयेत.

सर्वांत मोठा धोका मात्र देवघरात आणि औषधांच्या फळीवर असतो. कापूर किंवा निलगिरी तेल लहान मुलाच्या पोटात गेले, तर थोड्या प्रमाणातही फेफरे येऊ शकते. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ पुदिन्याचे किंवा मेंथॉलयुक्त तेल लावल्यास श्वास अडखळू शकतो. सर्दीवर घरगुती उपाय म्हणून हे प्रेमाने केले जाते. म्हणूनच आजी-आजोबांना हे आदराने, पण स्पष्टपणे सांगावे. या बाटल्या कुलपात असाव्यात. मुलाने तेल प्यायल्यास त्याला उलटी करवू नये. बाटली सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

ज्या घरात कर्जाची चिंता आहे, तेथे तेलाच्या थेंबाने कर्ज फिटणार नाही. पण रात्री दुकान बंद करून आल्यावर भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा, रुमालावर एक थेंब घ्यावा आणि दहा मिनिटे श्वास मोजीत स्वस्थ बसावे. रोज तोच गंध, तीच वेळ ठेवली की त्या गंधासरशी थांबावयाचे मनाला वळण लागते. तरीही दोन-तीन आठवडे झोप उडालेली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ या शासनाच्या टेली-मानस सेवेला दूरध्वनी करावा, डॉक्टरांकडे जावे आणि घरच्यांनी खातेवहीच्या आधी माणसाची विचारपूस करावी. छातीत कळ आल्यास मात्र क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठावे.

नवेगावच्या रानातला वास कोणी विकत दिलेला नसतो. तो घेण्यासाठी आपण तेथे थांबलो, एवढेच. बाटलीतल्या सुगंधाने तेवढे थांबणे घरात आणले, तर दिलेले मोल वसूल झाले असे समजावे.